आमच्या रानातला ऑटम: पाखरं, पाचोळा आणि पडलेली लाकडं

कुंपणकाठ
१ एप्रिल, रात्री ९:४०

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारताना शेततळ्याकडे नजर गेली आणि कळलं, राघू गेले. आपल्या वेड्या राघूचे हे भाऊबंद, इथे त्यांना रेनबो बी-ईटर म्हणतात. उन्हाळाभर तळ्याच्या बांधात बिळं करून राहिले, तारेवर बसून माश्या टिपल्या, आणि थंडीची चाहूल लागताच उत्तरेला निघाले. दर वर्षी ठरवते की त्यांचा जायचा दिवस टिपून ठेवायचा. दर वर्षी रिकामी तारच दिसते.

आम्ही ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात, कॅसलमेन आणि बेंडिगो यांच्या मधल्या पट्ट्यात राहतो. चाळीस एकर जागा, त्यात घर, एक शेततळं, भाजीपाल्याचा तुकडा आणि बाकी सगळं रान. जमीन मुरमाड, वर मातीचा थर बोटभर. ही जा जा वुरुंग या इथल्या मूळ लोकांची भूमी. १८५१ मध्ये या भागात सोनं सापडलं आणि पुढची कित्येक वर्षं इथलं रान खाणींच्या टेकूंना, बॉयलरांना आणि चुलींना गेलं. आज उभी असलेली बहुतेक झाडं त्या खुंटांवरून पुन्हा फुटलेली आहेत. एकेका बुंध्यातून तीन-तीन, चार-चार खोडं निघालेली दिसतात. या रानाला बॉक्स-आयर्नबार्क म्हणतात. व्हिक्टोरियात ते मूळच्या साधारण १७ टक्केच उरलंय.

मार्च ते मे हा इथला ऑटम. निलगिरीच्या कुळातली ही झाडं पानं गाळून उघडी होत नाहीत, त्यामुळे ऋतू बदलला हे झाडांकडे बघून कळत नाही. पाखरांकडे बघून कळतं. काही जातात, काही डोंगरावरून खाली उतरतात, काही चक्क टास्मानियातून समुद्र ओलांडून येतात. हा धागा त्यासाठी. पुढचे दोन महिने जे दिसेल ते लिहीत जाईन, तुम्हीही लिहा. ऑस्ट्रेलियातले असाल तर फारच छान, तिकडचे असाल तरी तुमच्याकडे आत्ता काय निघालंय ते सांगा.

आणि एक अडचणही आहे. बाबा फेब्रुवारीपासून आमच्याकडे आहेत. ते जावळी खोऱ्यातले. लहानपणी राब भाजायला फांदी न् फांदी गोळा करण्यात त्यांचे उन्हाळे गेलेत. इथे एवढं लाकूड नुसतं पडून आहे हे त्यांना बघवत नाही. रोज सकाळी दाताळं घेऊन रानातला पाचोळा ओढतात, फांद्यांचे ढीग रचतात. आवरलेलं रान त्यांना आनंद देतं आणि मला मनातून धास्ती वाटते. त्यांना न दुखवता हे कसं सांगावं?

---

माळकरी_सातारा
१ एप्रिल, रात्री १०:१५

वा, वाचतोय. आमच्याकडे पळसमैना परतीच्या वाटेला लागल्यात. पांगाऱ्यावर आणि पळसावर गर्दी असते ती आता विरळ झाली. धोबीही जवळजवळ गेले. म्हणजे आपल्या दोघांकडेही निरोपाचाच महिना म्हणायचा, फक्त तुमचे राघू उत्तरेला ऊब शोधायला जातात आणि आमचे पाहुणे उत्तरेला वीण करायला.

बाबांबद्दल: माझे वडीलही असेच आहेत. सांगून काही होत नाही, दाखवावं लागतं.

---

नवखी
२ एप्रिल, सकाळी ८:०५

ताई, मी मेलबर्नला येऊन दीड वर्ष झालं. परवा डेल्सफर्डकडे जाताना कुंपणाच्या तारांवर छातीला भडक नारिंगी रंग असलेले छोटे पक्षी ओळीने बसलेले दिसले. सहा-सात तरी होते. हेच का ते रॉबिन? आणि स्कार्लेट रॉबिन की फ्लेम रॉबिन हे कसं ओळखायचं? पुस्तकात दोन्ही सारखेच वाटतात.

---

कुंपणकाठ
२ एप्रिल, रात्री ९:१०

नवखी, ते फ्लेम रॉबिन. मला अगदी हेवा वाटला, आमच्याकडे अजून आले नाहीत! उन्हाळ्यात ते वरच्या डोंगराळ जंगलात वीण करतात आणि ऑटममध्ये खाली मोकळ्या कुरणांत उतरतात. काही टास्मानियातूनही येतात. मोकळ्या माळावर, कुंपणावर, विरळ थव्याने दिसले तर बहुधा फ्लेमच. स्कार्लेट जोडीने असतो आणि झाडी सोडून फार लांब जात नाही.

नराचं बघायचं असेल तर गळा बघ. फ्लेमची नारिंगी थेट गळ्यापर्यंत चढते आणि पाठ राखाडी असते. स्कार्लेटचं डोकं आणि गळा काळा, लाल रंग त्याखाली सुरू होतो, आणि कपाळावर ठळक पांढरा टिळा. फ्लेमचा टिळा अगदी बारीक. माद्यांमध्ये गडबड होते, पण स्कार्लेटच्या मादीच्या छातीवरही लालसर झाक असते, फ्लेमची मादी साधी तपकिरी.

दोघांचीही शिकारीची पद्धत एकच: एखाद्या ठेंगण्या जागेवर निश्चल बसायचं, जमिनीवर काही हललं की झेप, आणि परत वर. तारा हे माणसांनी दिलेलं बसणं. रानात ते काम पडलेल्या ओंडक्यांनी आणि वाळक्या फांद्यांनी होतं. बाबांनी गेल्या आठवड्यात जिथला ओंडका हलवला तिथे आमची स्कार्लेटची जोडी रोज बसायची. ती गेली नाही, पण आता त्या कोपऱ्यात येत नाही.

---

सिडनीकर
४ एप्रिल, दुपारी १:३०

आमच्याकडे ब्लू माउंटन्समध्ये हनीईटरांची, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या पाखरांची, जत्रा सुरू व्हायची वेळ झाली. एप्रिल-मेमध्ये निरभ्र, वारा नसलेल्या सकाळी कड्यावर जाऊन उभं राहा. यलो-फेस्ड हनीईटरांचे थवे दरीच्या कडेने, झाडांच्या शेंड्यांवरून उत्तरेकडे जात राहतात. पन्नास, शंभर, मग पाच मिनिटं काही नाही, मग परत दोनशे. मध्येच व्हाइट-नेप्ड मिसळलेले. आपल्याला स्थलांतर म्हणजे रात्रीचं, उंचावरचं, न दिसणारं असंच माहीत असतं. हे दिवसाढवळ्या, डोक्यावरून दहा-वीस हातांवर चालतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ऑफिसला उशिरा गेलो आणि कारण सांगताना मला बोलताच येईना.

आणखी एक बघा. तुमच्याकडचे चष्मेवाले.

---

कुंपणकाठ
४ एप्रिल, रात्री १०:००

सिडनीकर, चष्मेवाल्यांची आठवण काढलीत आणि आजच ते आले! सकाळी लिंबाच्या झाडावर तीसेक होते. इथे त्यांना सिल्व्हरआय म्हणतात. आपल्याकडच्या चष्मेवाल्यासारखाच डोळ्याभोवती पांढरा काठ, तसाच चुळबुळ्या स्वभाव. इथले बारमाही असतात त्यांच्या कुशी फिकट असतात. आज आलेल्यांच्या कुशी गडद तांबूस होत्या, म्हणजे टास्मानियाचे. वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. मध्ये अडीचशे किलोमीटरची बास सामुद्रधुनी. त्यातले काही इथे थांबत नाहीत, तुमच्या सिडनीच्याही पुढे क्वीन्सलँडपर्यंत जातात.

बाबांना दाखवले. त्यांनी दुर्बीण बराच वेळ खाली ठेवली नाही. "एवढंसं पाखरू समुद्र ओलांडतं?" एवढंच म्हणाले.

---

मेलबर्नची_माई
६ एप्रिल, सायंकाळी ६:२०

छान चाललाय धागा. मी मात्र बाबांच्या बाजूने बोलणार. पाचोळा आणि वाळकी लाकडं म्हणजे उन्हाळ्यातला वणवा. आमच्या ओळखीतल्यांचं घर वणव्यात गेलं आहे. पाखरांच्या प्रेमापायी घराशेजारी सरपण साठवणं मला पटत नाही. शिवाय थंडीत शेगडीला लाकूड लागतंच, मग आपल्याच जागेतलं वापरलं तर बिघडलं कुठे?

---

कुंपणकाठ
६ एप्रिल, रात्री १०:३५

माई, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. घराभोवतीची पट्टी आम्हीही स्वच्छ ठेवतो. गवत कापलेलं, पन्हळीत पान नाही, भिंतीला टेकून काहीही नाही. तिथे बाबांचं दाताळं हवंच आणि त्यांच्याइतकं नीट काम आमच्यापैकी कुणी करत नाही. मी बोलतेय ते त्या पट्टीपलीकडच्या रानाबद्दल.

तिथे पडलेलं लाकूड म्हणजे कुणाचं तरी घर. सरपणाचा एक हंगाम इथे १ मार्च ते ३० जून असतो. सरकारी जंगलात ठरवून दिलेल्या जागी लोक लाकूड गोळा करतात आणि खाजगी जागांतूनही ते उचललं जातं. थंडीची तयारी म्हणून ते समजू शकतं. पण या रानाची एकदा बुंध्यापासून तोड झालेली आहे. झाडं बारीक आहेत, त्यामुळे जमिनीवर जाड ओंडके मुळातच कमी. जे आहेत ते उचलले की ब्राउन ट्रीक्रीपर या पाखराला मुंग्या शोधायला जागा नाही, सरड्यांना आडोसा नाही.

ढोल्यांचं तर त्याहून अवघड. निलगिरीच्या खोडात नीट ढोली तयार व्हायला शंभर वर्षं आणि त्याहून जास्त लागतात. आमच्या चाळीस एकरांत ढोल्या असलेली जुनी झाडं किती? मी मोजली आहेत. अकरा. त्यातली चार वाळून उभी आहेत. सरपण म्हणून बघितलं तर पहिली नजर त्यांच्यावरच जाते, कारण वाळलेलं लाकूड. त्या चारांतल्या एकात आऊलेट-नाइटजार राहतो, मुठीएवढा निशाचर पक्षी, थंडीतल्या उन्हात ढोलीच्या तोंडाशी येऊन डोळे मिटून बसतो.

शेगडीसाठी आम्ही लागवडीतल्या शुगर गम या निलगिरीचं लाकूड विकत घेतो. खर्च होतो, पण रानाला हात लावावा लागत नाही.

---

माळकरी_सातारा
७ एप्रिल, सकाळी ७:१०

तुमच्याकडे करवानक असतो का? इथे माळावर रात्री त्याची ती लांबलचक शीळ ऐकली की अंगावर काटा येतो. दगडगोट्यांत बसला तर पावलाशी येईपर्यंत दिसत नाही.

---

कुंपणकाठ
७ एप्रिल, रात्री ९:००

असायचा. हेच तर दुःख आहे. इथला करवानक म्हणजे बुश स्टोन-कर्ल्यू. विरळ झाडीत, पडलेल्या फांद्या आणि पाचोळ्यात तो तसाच बसून राहायचा, तुमच्याकडचा दगडांत बसतो तसा. अंडीही जमिनीवरच. शेतीसाठी रान गेलं, युरोपातून आणलेले कोल्हे आले, पडलेलं लाकूड उचललं गेलं, आणि व्हिक्टोरियाच्या बहुतेक भागातून तो नाहीसा झाला. आमच्या शेजारच्या आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी रात्री त्याचा आवाज यायचा. मी इतक्या वर्षांत एकदाही ऐकलेला नाही. तुमच्या माळावरचा एखाद्या रात्री रेकॉर्ड करून इथे टाकाल का? मला बाबांबरोबर बसून ऐकायचाय.

---

नवखी
९ एप्रिल, दुपारी १२:४५

एक वेगळाच प्रश्न. मला मेलबर्नमध्ये साळुंक्या दिसतात आणि फार बरं वाटतं, घरची आठवण येते. पण इथली मंडळी त्यांच्याबद्दल फार कडवट बोलतात. का?

---

कुंपणकाठ
९ एप्रिल, रात्री ९:३०

मलाही सुरुवातीला वाईट वाटायचं. साळुंकी इथे १८६० च्या दशकात माणसांनीच आणून सोडली, बागांतले किडे खाईल म्हणून. ती ढोल्यांत घरटं करते आणि ढोली बळकावते. वर लिहिलं तसं, ढोल्या मुळातच अपुऱ्या. रोझेला पोपटांच्या जोडीला हुसकून साळुंक्यांनी जागा घेतलेली मी पाहिली आहे. दोष तिचा नाही, तिला आणणाऱ्यांचा आहे. पण गावात तिचा आवाज ऐकला की मला आईच्या अंगणाची आठवण येते आणि आमच्या रानात ती पोचू नये असंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

---

सिडनीकर
१० एप्रिल, सकाळी ११:००

धाग्यात सस्तन प्राणी कुठे आहेत? कांगारूंपलीकडचे सांगा.

---

कुंपणकाठ
१२ एप्रिल, रात्री ११:१५

काल रात्रीची गोष्ट सांगते मग. आम्ही रानात काही लाकडी खोकी झाडांवर लावली आहेत, ढोल्यांची उणीव थोडी तरी भरावी म्हणून. त्यातली काही टुआनसाठी. ब्रश-टेल्ड फॅस्कोगेल हे त्याचं नाव. आपल्या खारीपेक्षा मोठा, राखाडी, आणि शेपटी बाटली घासायच्या ब्रशसारखी काळी, घाबरला की केस पिंजारतात. झाडाच्या सालीखालचे कोळी, झुरळं, गोमा शोधत खोडावर गोल गोल चढतो, उलटा उतरतो.

आता त्याचा वर्षातला निर्णायक काळ येतोय. मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत त्यांचा समागमाचा हंगाम असतो, आणि तो संपेपर्यंत रानातले सगळे नर मरतात. एकूण एक. वर्षाचेही झालेले नसतात. मादीच्या शोधात इतकी दगदग होते की शरीर तग धरत नाही. त्यानंतर रानात उरतात त्या फक्त माद्या आणि त्यांच्या पोटातली पुढची पिढी. म्हणून आत्ता, एप्रिलमध्ये, नरांनी भरपूर खाऊन अंगात बळ साठवायला हवं. ते खाणं येतं कुठून? सालीतून, वाळक्या खोडांतून, पडलेल्या लाकडांतून.

काल लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन मी आणि बाबा बाहेर पडलो. बाबांनी रचलेल्या ढिगाशेजारचा एक जुना ओंडका अजून जागेवर होता. त्यावर टुआन! साल दातांनी सोलत होता, तुकडे खाली पडल्याचा आवाज येत होता. आम्ही दोघं दहा मिनिटं श्वास रोखून उभे. मग तो बाजूच्या ग्रे बॉक्स निलगिरीवर चढून गेला.

बाबा आज दाताळं घेऊन गेले नाहीत. मी काही विचारलं नाही.

---

माळकरी_सातारा
१३ एप्रिल, सकाळी ६:५०

म्हटलं नव्हतं, दाखवावं लागतं. करवानकाचं रेकॉर्डिंग लक्षात आहे, वारा कमी झाला की करतो.

---

कुंपणकाठ
२० एप्रिल, रात्री ९:५०

पाऊस नाही. शेततळं अगदी तळाला गेलंय. इथले शेतकरी ऑटम ब्रेकची वाट बघतात, आपल्याकडे मृगाची बघतात तशी. जुनी माणसं म्हणतात, अँझॅक डेच्या, म्हणजे २५ एप्रिलच्या आसपास यावा. तो आला की माळ हिरवा होतो, नाही आला तर गुरांना हिवाळाभर विकतचा चारा.

पण पाणी कमी असलं की तळ्याकाठी बसण्यासारखं सुख नाही. आज चार ते सहा आम्ही दोघं बांधाच्या वरच्या अंगाला बसलो होतो. आधी हनीईटर, झेप घेऊन छातीने पाण्याला स्पर्श करून परत. मग डायमंड फायरटेल, ही इथली मुनिया. काळ्या कुशीवर पांढरे ठिपके आणि पाठीमागे लालभडक. बिया खाणाऱ्यांना रोज पाणी लागतं, त्यामुळे ती येतेच. चिखलावर काळ्या कपाळाची दोन चिलखी टुकुटुकु धावत होती. अगदी अंधार पडताना, बाकी सगळे गेल्यावर, ब्रॉन्झविंग पारवे आले. लांब उतरतात, थांबतात, चार पावलं चालतात, पुन्हा थांबतात. त्यांची पाण्यापर्यंतची वाट संपेपर्यंत आम्हाला पाय हलवता आले नाहीत.

परतताना चफ दिसले. काळे, लाल डोळ्यांचे, कायम टोळीने, अगदी आपले सातभाई. पाचोळा चोचीने उलटापालटा करत पुढे सरकतात. पिल्लाला हे पोट भरणं नीट शिकायला काही वर्षं लागतात, तोवर टोळी त्याला भरवते. बाबांना ते फार आवडले. म्हणाले, "हे पाचोळा ओढतात, पण नेत नाहीत."

---

मेलबर्नची_माई
२१ एप्रिल, सकाळी ९:३०

बाबांचं वाक्य वाचून मीच गप्प झाले. एक विचारायचंय: रचलेल्या ढिगांचं काय करणार? जाळण्यावरची बंदी उठली की जाळणार का?

---

कुंपणकाठ
२१ एप्रिल, दुपारी २:००

नाही. पसरून टाकतोय, दोघं मिळून. आणि कुणाला ढीग जाळायचाच असेल तर एक विनंती: महिनाभर उभा असलेला ढीग आहे तसा पेटवू नका. तोवर त्यात एकिडना (मुंग्या खाणारा काटेरी प्राणी), सरडे, बेडूक राहायला आलेले असतात. पेटवायच्या दिवशी ढीग दुसरीकडे हलवून रचा आणि मगच काडी लावा. हलवताना जाड हातमोजे आणि बूट हवेतच, उबदार दुपारी साप अजून फिरतात.

---

सिडनीकर
८ मे, रात्री ८:१५

स्विफ्ट पॅरट आले का तुमच्याकडे?

---

कुंपणकाठ
११ मे, रात्री १०:२०

नाही. रोज सकाळी बघतेय.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हा पोपट टास्मानियात वीण करतो आणि ऑटममध्ये समुद्र ओलांडून आमच्या बॉक्स-आयर्नबार्क रानांत फुलांवर आणि पानांवरच्या लर्पवर, म्हणजे किड्यांनी सोडलेल्या गोड पापुद्र्यांवर, हिवाळा काढतो. तिकडे त्याची जुनी झाडं तोडली जातात आणि माणसांनी त्या बेटावर नेलेला शुगर ग्लायडर, झाडांवरून तरंगत जाणारा छोटा प्राणी, ढोलीत शिरून अंडी, पिल्लं, बसलेली मादीसुद्धा खातो. २०१६ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. इथली झाडं दर वर्षी सारखी फुलत नाहीत, म्हणून तो दर वर्षी सारख्या ठिकाणी येत नाही. यंदा आमचा ग्रे बॉक्स फुललाच नाही. यलो गमला थोड्या कळ्या आहेत. मस्क लोरिकीट पोपट चार-पाच येऊन गेले, हिरवे, कानाशी लाल, शेपटी आखूड. मी दर वेळी दुर्बीण उचलते ती लांब, बारीक, लाल शेपटी आणि पंखाखालचा लाल रंग दिसतो का हे बघायला.

ऑटममध्ये आणि हिवाळ्यात स्वयंसेवक ठरलेल्या ठिकाणी त्यांची मोजणी करतात. मी आमच्या दोन ठिकाणांवर जाते. दोन्हीकडे शून्य लिहिलं. शून्यही कळवावं लागतं. ते लिहिताना हात जड होतो.

---

नवखी
१२ मे, सकाळी ७:४०

ताई, मला पुढच्या मोजणीला यायचंय. ऑगस्टमध्ये. काही येत नसलं तरी चालेल का?

---

कुंपणकाठ
१२ मे, सकाळी ८:००

हो. मुक्कामालाच ये. उबदार जाकीट आण, सकाळी तळ्यावर दव गोठलेलं असतं.

---

कुंपणकाठ
१७ मे, रात्री ११:४५

पाऊस आला! परवा रात्री सुरू झाला, आज दुपारी थांबला. तीन आठवडे उशिरा, पण आला. तळ्यात पाणी चढतंय.

सिडनीकर, पॅरट नाहीत. पण हे ऐका. संध्याकाळी बाबा घरामागच्या ओघळीकडे गेले होते, तिथे एप्रिलमध्ये आम्ही एक ढीग पसरून टाकला होता. परत आले ते घाईघाईत: "पाचोळ्याखालून कुणीतरी काहीतरी विचारतंय."

ते होतं बिब्रॉनचं टोडलेट. अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक. हा पाण्यात अंडी घालत नाही. ऑटममध्ये नर ओलसर पाचोळ्याखाली जागा करतो, तिथून हाक देतो, मादी तिथेच अंडी घालते, आणि नर थांबतो. पिल्लं अंड्यातच वाढतात. मग पावसाने ओघळ भरली की पाणी अंड्यांपर्यंत येतं आणि ती फुटतात. हाक म्हणजे एक छोटा, वर चढणारा प्रश्न: "अँक?" दोन सेकंद शांतता, मग पलीकडून "अँक?" त्या ओघळीत मी तो याआधी कधी ऐकला नव्हता.

आत्ता पावणेबारा वाजलेत. मी हे लिहितेय आणि बाबा स्वेटर, मफलर, टॉर्च घेऊन पुन्हा तिकडे गेलेत. टॉर्च बंद आहे. किती आवाज आहेत ते मोजतायत. मघाशी खिडकीतून ओरडून सांगितलं, सात. माळकरी, तुमचं करवानकाचं रेकॉर्डिंग मिळालं, उद्या सकाळी चहाबरोबर ऐकू. आज त्यांना आत बोलवत नाही.